फिरकीचा तांब्या

आमची पिकअप मिलिटरीच्या लिलावातली. नगरच्या कॅम्पातून जुन्या गाड्या निघायच्या, त्यातली एक आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, घेतली आणि मागच्या बाजूला दुधाचे कॅन बांधायला कठडा करून घेतला. तिसगावपासून आत, डोंगराच्या अंगाला आमची वाडी. तिथवर सडक नव्हती. एक ओढा ओलांडायचा आणि पुढं नुसते दगडगोटे. ही गाडी कण्हत का होईना, गोठ्याच्या तोंडापर्यंत यायची. रोज सकाळी वाडीवस्तीवरचं दूध भरून मालक करंजीचा घाट चढायचे आणि ऊन तापायच्या आत नगरच्या डेअरीत पोचायचे.

पण गाडीचं वय झालं होतं. इंजिनाच्या रिंगा घासल्या होत्या. इंजिनाच्या पोटात जी गरम वाफ साठते ती बाहेर पडायला एक नळी असते, तिला मिस्त्री लोक ब्रीदर म्हणतात. आमच्या गाडीच्या ब्रीदरमधून तेलाचा धूर निघायचा आणि तो गाडीखालून मागं जाऊन नेमका कॅनांना वेढायचा. दूध फार हळवं असतं. देवघरात वाटीभर ठेवलं तरी त्याला कापराचा वास लागतो. इथं तर घाटभर जळक्या तेलाची धुरी.

डेअरीत दूध तपासायला रंगनाथराव होते. यंत्रं होती त्यांच्याकडं, पण आधी ते प्रत्येक कॅनचं झाकण उचलून नाकाशी नेत. एक दिवस ते मालकांना म्हणाले, "भिमाजी, दूध चांगलं आहे हो तुमचं. पण हे प्यायलं की माणसाला हॉर्न वाजवावासा वाटेल."

सगळे हसले. मालकही हसले, पण घरी आल्यावर जेवले नाहीत.

त्यात आमच्याकडून एक चूक झाली. तिसगावचे कारभारी मिस्त्री लग्नाला गेले होते. आमच्या सासूबाई, गोजरबाई, यांचं म्हणणं सरळ असायचं. त्या म्हणाल्या, "भिमा, धूर ज्या तोंडातनं येतोय ते तोंडच बुजीव की."

मालकांनी दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड घेतलं, त्याला फडकं गुंडाळलं आणि ब्रीदरच्या नळीत ठोकून बसवलं. धूर बंद झाला. सासूबाई दिवसभर खुशीत होत्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेत इंजिनाच्या पोटातली वाफ कोंडली आणि तेल मोजायची पट्टी बंदुकीच्या गोळीसारखी उडाली. बॉनेटच्या आत, काचेवर, मालकांच्या टोपीवर, सगळीकडं तेलच तेल. मालक घरी आले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "बुरकुंड कच्चं आसंल."

कारभारी मिस्त्री परत आल्यावर त्यांनी ते सगळं ऐकून कपाळाला हात लावला. मग नळीला रबरी पाइप जोडून त्यांनी तिचं तोंड थेट एअर फिल्टरमध्ये सोडलं. "इंजिनाचा धूर इंजिनालाच खाऊ द्या," असं ते म्हणाले. त्यानं वास गेला हे खरं. पण धुराबरोबर तेलही आत जायला लागलं, प्लग तेलानं माखले, आणि शुक्रवारी भरल्या गाडीसह मालक करंजीच्या घाटात अडकले. प्लग काढून पुसावा, चार पावलं जावं, पुन्हा पुसावा. ऊन चढलं. नगरला पोचेपर्यंत वाडीचं सगळं दूध फाटलं होतं.

रंगनाथराव त्या दिवशी हसले नाहीत. म्हणाले, "भिमाजी, मला वर उत्तर द्यावं लागतं. उद्याचं दूध बन्सीचा टेम्पो आणील. परवा रविवारी तुमची गाडी आणा. रविवारी दूध चांगलं आलं तर तुमचं काम तुमच्याकडं. नाही तर मग बन्सीच."

हा बन्सी मूळचा सोनईचा, पण सासुरवाडीला तिसगावात येऊन राहिलेला. त्याचा नवा तीनचाकी टेम्पो होता. माणूस वाईट नव्हता, तोंडानं जरा मोकळा. पण त्याचा टेम्पो ओढा ओलांडत नसे. तो सडकेवर उभा राहणार आणि वाडीनं दूध तिथवर न्यायचं. वाडीतल्या छबूबाईचा गुडघा दुखायचा, राहीबाईला घरात कुणी जोडीला नव्हतं. शनिवारी सकाळी वाडीतल्या बाया कळश्या डोक्यावर घेऊन ओढ्यातून निघाल्या, तेव्हा निम्म्या घरांतलं दूध घरातच राहिलं होतं. आमची गाडी बसली की वाडीचं दूधही बसणार, हे त्या दिवशी सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं.

कारभारी मिस्त्री सकाळीच आले. रात्रभर त्यांनी विचार केला असावा. जमिनीवर काडीनं रेघा ओढून ते मालकांना सांगायला लागले, "हितं ब्रीदर. हितं फिल्टर. ह्या दोघांच्या मधी एक डबा बसवायचा. धूर डब्यात आला की तेल तळाला बसंल आन नुसती हवा म्होरं जाईल. मिलिटरीच्या मोठ्या गाड्यांना आसं कायतरी बघितलंय मी."

"मग बसवा की," मालक म्हणाले.

घरातला वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला, त्याला भोकं पाडली, नळ्या बसवल्या. इंजिन सुरू केलं. गाडी थरथरली तसं डब्याचं दाबाचं झाकण टण्णकन उडालं आणि कोंबड्या पळाल्या. पुन्हा तारेनं बांधून बघितलं. झाकणाच्या कडेनं धूर फुसफुसत राहिला.

कारभारी म्हणाले, "न्हाई भागायचं. पेचाचं झाकण पायजे. तिसगावात पत्र्याचं काम करणारा हाय, त्याच्याकडनं नवा डबा घडवून घेऊ."

मग दोघांच्याही लक्षात आलं, आज शनिवार.

आमच्या भागात शनिवारी कुणी लोखंड घरात आणत नाही, तेल विकत घेत नाही. शनीचं शिंगणापूर काही फार लांब नाही. पत्र्यावाला शनिवारी दुकान उघडायचा ते बसायला आणि गप्पा मारायला. कुणी खिळा मागितला तरी हात जोडायचा. आणि नवं लोखंड, तेही गाडीला, तेही शनिवारी. मालकांना आधीच साडेसाती लागल्यासारखं वाटत होतं.

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "कारभारी, तू आणशील का रं आज लोखंड?"

"मावशी, मी आज पाना बी इकत घेत न्हाई," कारभारी म्हणाले. "हाय तो वापरतो, ते येगळं."

मी हे सगळं आतून ऐकत होते. शनिवारी माझा उपास असे आणि दिवेलागणीपर्यंत मौन. लग्नाआधीपासूनचा नेम. घरात सगळ्यांना सवय होती. सासूबाई तर म्हणायच्या, शनिवारी घरात मला एकटीलाच बोलायला मिळतं.

देवापुढं माझा फिरकीचा तांब्या होता. जाड पितळेचा, गळ्यापाशी पेच आणि वर फिरवून बसवायचं झाकण. प्रवासात पाणी न्यायला असे तांबे असतात, उलटा केला तरी थेंब पडत नाही. माझ्या आईनं तो मला दिला होता. प्रवरासंगमावर गेलं की त्यातून गोदावरीचं, म्हणजे आमच्या गंगेचं, पाणी आणायचं आणि रोज सकाळी त्यातलं थोडं तुळशीला, थोडं देवाला. त्या तांब्यानं पाणी घातल्याशिवाय मी तोंडात काही घालत नसे.

मी त्याच्याकडं बघत उभी राहिले. पितळ. लोखंड नव्हे. विकत आणायचा नव्हता. झाकण पेचाचं.

माझ्या मनात लगेच काही ठरलं नाही. देवाची वस्तू देवाचीच. पण बाहेर राहीबाई रिकामी कळशी घेऊन परत येताना दिसली. तिचं निम्मं दूध वाटेतच हिंदकळून सांडलं होतं. दुधानं भिजलेला पदर पिळत ती घरात गेली. मी तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि तांब्या नेऊन मालकांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांना कळेना. "पाणी न्हाई मागितलं मी."

मी झाकण फिरवून काढलं, पुन्हा फिरवून घट्ट बसवलं. गाडीकडं बोट दाखवलं. झाकणावर दोन बोटं उभी धरली.

कारभारी माझ्या बोटांकडं बघत राहिले. मग त्यांनी तांब्या उचलला, कानाशी नेऊन टिचकी मारली, पेच तपासला. "भिमाजी, वहिनीनं न बोलता सांगितलं. झाकणात दोन नळ्या झाळल्या की काम झालं. पितळ झाळायला तर रोजचं हाय माझ्या हातचं, रेडिएटर दुसरं कशाचं आसतंय."

सासूबाई माझ्याकडं बघत उठून उभ्या राहिल्या. "लंके, देवाचा तांब्या हाय तो. त्यात काळं त्याल भरणार? उद्या देवाला काय घालशील, पिट्रोल?"

मला उत्तर देता येत नव्हतं. मी देवघरातला साधा गडवा, बिनझाकणाचा लोटा, आणून त्यांना दाखवला. त्यांनी तो बघितला, मला बघितलं. "बोलत आसतीस तर भांडले तरी आसते," असं म्हणून त्या पुन्हा ओट्यावर बसल्या.

कारभारींनी कामाला हात घातला. झाकण घेऊन ते तिसगावला आपल्या गॅरेजात गेले; तिथं तांबं धातूची जुनी नळी पडली होती, तिचे दोन तुकडे केले. झाकणात दोन भोकं पाडून नळ्या झाळून, म्हणजे डाग देऊन, बसवल्या. परत येऊन तांब्या इंजिनाच्या थंड अंगाला, धुराड्याच्या पाइपापासून लांब, जुन्या चामडी पट्ट्यानं आवळला. एका नळीला ब्रीदरचा रबरी पाइप, दुसरीला फिल्टरचा. मला वाटलं झालं.

इंजिन बराच वेळ चालवलं. मग कारभारींनी प्लग काढून बघितला. ओला. काळा. तेलानं माखलेला. आणि तांब्या उघडला तर आत जवळजवळ काहीच नाही.

मालक टोपी काढून जमिनीवर बसले. कारभारी झाकण हातात घेऊन दोन नळ्यांकडं बघत होते. दोन्ही नळ्या झाकणातून जराशाच आत आलेल्या, बोटभरही नाही, शेजारीशेजारी.

सासूबाई दुपारपासून तोंड फिरवून बसल्या होत्या, पण कान इकडंच. त्या म्हणाल्या, "उंबऱ्यातनंच परत चाललाय पाव्हणा. आत बसायला जागा दावली तर बसंल. दारात उभं करून च्या पाजायची आन वर म्हनायचं मुक्कामाला का न्हाई राह्यला."

कारभारींनी त्यांच्याकडं बघितलं. "काय म्हनला मावशी?"

"काय न्हाई. आमी आडाणी."

"आवं थांबा की. धूर येतोय आन शेजारच्याच नळीनं निघून जातोय. आत जातच न्हाई." एवढं बोलून ते झाकण घेऊन पुन्हा तिसगावच्या गॅरेजकडं धावले.

त्यांनी येणारी नळी लांब केली, तांब्याच्या तळापाशी पोचेल इतकी. जाणारी नळी तशीच आखूड ठेवली. आणि मध्ये भरायला एका जळालेल्या डायनॅमोची तांब्याची तार आणली, ती रॉकेलमध्ये धुतली आणि विस्कटून, घरट्यासारखी गोळा करून तांब्यात घातली. धूर खाली जाणार, त्या तारांतून वळसे घेत वर चढणार, आणि तेल तारांना चिकटून खाली ठिबकणार.

"आता खोलीत माणसं बसलीत, पाव्हण्याला भेटल्याबिगर जाता यायचं न्हाई," कारभारी सासूबाईंना म्हणाले.

"आमाला काय इचारतोस," असं म्हणत सासूबाई बॉनेटपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

कॅन पाण्यानं भरून गाडीत चढवले आणि मालकांनी गाडी ओढ्याच्या चढावर पुन्हा पुन्हा चढवली, उतरवली. परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. कारभारींनी प्लग काढला. कोरडा होता. भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा असतो तसा त्याचा रंग. तांब्या उघडला तर तळाला काळं, चिकट तेल.

मी देवापुढं दिवा लावला, मौन सोडलं आणि मालकांना म्हणाले, "पट्टा आणखी आवळा. घाटात लई हादरे बसत्यात."

"दिवसभरात एक बोलली, ते बी मिस्त्रीवानी," सासूबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी गडव्यानं तुळशीला पाणी घातलं. बोटं सवयीनं झाकण शोधायला गेली, पण पाणी तुळशीला पोचलं. वाडीतल्या बाया दूध घेऊन दारात आल्या. छबूबाईनं कॅनमध्ये दूध ओतलं आणि कॅनला हात लावून कपाळाला लावला. सासूबाई मला म्हणाल्या, "तू बी जा. देवाची वस्तू हाय, तिला एकटी कशाला धाडायची?" मी कधी डेअरी बघितली नव्हती. मालकांच्या शेजारी जाऊन बसले.

घाटाच्या पायथ्याला करंजीत बन्सी चहा पीत उभा होता. त्याच्या टेम्पोच्या टपावर जाड दोर गुंडाळून ठेवलेला होता.

"काय भिमाजी," तो म्हणाला, "आज वैनीला बी संगं घेतलंय. गाडी ढकलायला का?"

मालक म्हणाले, "नगर दावायला."

"मग लई येळ घाटच दिसंल तुमाला. न्हाई, मी मागनंच येतो. दोर हाय माझ्याकडं. दूध वाया जायला नको वाडीचं."

"ये की," मालक म्हणाले. "दोर जड हाय, जपून ये."

घाट लागला. मालकांनी गियर खाली टाकला. मी मनात कानिफनाथांचं नाव घ्यायला लागले. शुक्रवारी गाडी जिथं अडकली होती तिथं रस्त्यावर तेलाचा काळा डाग अजून होता. त्या वळणावर आलो आणि इंजिन एकदा खोकलं. मालकांचे हात चाकावर घट्ट झाले. माझा जप थांबला.

मग इंजिनानं घसा साफ केल्यासारखा आवाज केला आणि गाडी ओढत निघाली. पुढचं वळण, त्याच्या पुढचं. मागं धूर नव्हता. आरशात बघत मालक म्हणाले, "बन्सी कुठाय?"

मी खिडकीतून मागं बघितलं. बन्सीचा टेम्पो खालच्या वळणावर हळूहळू चढत होता, लहान लहान होत होता. टपावरच्या दोराचा गुंडाळाही दिसेना झाला.

"खाली हाय," मी म्हणाले.

मालक हसायला लागले. आठवडाभरात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. घाटमाथ्यावर त्यांनी हॉर्न वाजवला, कुणी आडवं नसताना, उगीचच, लांबलचक.

डेअरीत ऊन अजून कोवळं होतं. रंगनाथराव कॅन उतरवून घेत होते. आमच्या पहिल्या कॅनचं झाकण त्यांनी उचललं, नाकाशी नेलं. दुसऱ्याचं. तिसऱ्याचं. शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यावर आले. तोवर बन्सीचा टेम्पोही येऊन पोचला.

"बन्सी, इकडे ये," रंगनाथराव म्हणाले. "मला सर्दी झाली असावी. तू वास घे आणि सांग."

बन्सीनं झाकण हुंगलं. आमच्याकडं बघितलं. पुन्हा हुंगलं.

"कशाचा येतो?" रंगनाथरावांनी विचारलं.

बन्सीनं मान खाजवली. "दुधाचा."

"आणखी?"

"आणखी... कडूलिंबाच्या पाल्याचा. कॅन लिंबाच्या झाडाखाली ठिवलं आसतील." तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "त्यालाचा न्हाई साहेब. देवाशपथ न्हाई."

मालकांनी बॉनेट उघडलं. आजूबाजूचे गाडीवाले गोळा झाले. इंजिनाच्या कडेला पितळी तांब्या चकाकत होता. मालकांनी फिरकी फिरवून तो उघडला आणि एका फुटक्या डब्यात ओतला. काळं, दाट तेल संथपणे बाहेर आलं.

"हे सगळं आमच्या दुधाला लागत होतं?" रंगनाथरावांनी विचारलं.

"व्हय साहेब. आता ते तांब्यातच बसतंय."

रंगनाथरावांनी तांब्या जवळून बघितला. मग माझ्याकडं वळले. "बाई, हा पूजेतला दिसतो."

"पूजेतला हुता," मी म्हणाले. "आता गाडीचा."

मग त्यांनी आत हाक मारून सांगितलं, "वाडीचं दूध भिमाजीच आणतील. आणि भिमाजी, संध्याकाळचंही आणा. तुमच्याकडून आलेलं दूध मला पाहिजे."

बन्सी तांब्याभोवती फिरत होता. मालकांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "भिमाजी, माझ्या सासूकडं आसलाच एक हाय. देईल का?"

"तुझ्या सासूला इचार," मालक म्हणाले. "आन मौन आसलेल्या वारी इचार. भांडण व्हत न्हाई."

परतीला ओढा ओलांडला तेव्हा रिकामे कॅन कठड्यात एकमेकांवर आपटत होते. शुक्रवारी फाटलेल्या दुधानं भरलेले कॅन मुक्यानं परत आले होते. आज तो खणखणाट गाडीच्या आधी वाडीत पोचला. आम्ही वळणावरून पुढं आलो तर बाया आपापल्या दारात उभ्या होत्या, कुणाचे हात शेणाचे, कुणाचे पिठाचे. छबूबाई दुखऱ्या गुडघ्यानं पळत गाडीपर्यंत आली आणि कॅनात डोकावून बघितलं, खरंच रिकामा आहे ना.

मी उतरून आधी ओट्यावर सासूबाईंच्या कानात संध्याकाळच्या दुधाचं सांगितलं. राहीबाईनं मालकांना विचारलं, "भाऊ, उद्या किती वाजता?"

मालक काही बोलायच्या आत सासूबाई ओट्यावरून उतरल्या आणि म्हणाल्या, "उद्या कशाला? म्हशीला पान्हा आणीव. आज सांजचंच घ्यायला येतीय गाडी."